मोरीत ओतलेलं दूध

परवा मधल्या सुट्टीत एक तरुण शिक्षिका माझ्याजवळ येऊन बसली. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली. दाढदुखीसाठी मिळालेली अमॉक्सिसिलिनची पट्टी दाखवत म्हणाली, "बाजी, पाच दिवस बाळाला अंगावरचं दूध बंद ना?"

मला आमची घाटकोपरची मोरी आठवली.

थोरली दीड महिन्याची होती. छातीत गाठ झाली, ताप भरला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. पाजण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दिवसभर मुलांना "शंका असेल तर विचारा" सांगणारी बी.एड. बाई! घरी सासूबाई म्हणाल्या, "दवा का दूध बच्ची को मत पिला." नातीच्या काळजीनेच म्हणाल्या. मी दूध पिळून मोरीत ओतत राहिले. पोर बाटलीला तोंड लावेना, रडून रडून तिचा आवाज बसला. हाताने दूध पुरतं निघत नव्हतं. गाठीचं गळू झालं, ते चिरावं लागलं.

ड्रेसिंग करणाऱ्या नर्सने कपाळाला हात लावला. "पाजत राहायचं होतं. तुंबलं की बिघडतं."

पुढे मी वाचत गेले. अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन ही औषधं दुधात अगदी थोडी उतरतात. अमॉक्सिसिलिन तर गरज पडल्यास तान्ह्या बाळालाही देतात. बाळाला जुलाब झाले किंवा तोंडात पांढरे चट्टे आले तर डॉक्टरांना दाखवायचं, एवढंच. सगळीच अँटिबायोटिक्स सारखी नसतात, हेही खरं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याला कावीळ असेल तर सल्फाची औषधं टाळतात. मेट्रोनिडाझोलचा एकच मोठा डोस असेल तर काही तास थांबायला सांगतात. म्हणून औषधाचं नाव आणि बाळाचं वय, दोन्ही सांगून विचारायचं. मनाने दूधही तोडायचं नाही आणि गोळ्याही.

घाटकोपरहून लोकलने तिसरं स्टेशन सायन. तिथल्या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे दुसऱ्या आयांचं दूध थेंब थेंब जपतात. आणि मी वाट्याच्या वाट्या मोरीत ओतत होते.

घंटा व्हायच्या आत तिने दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, माझं बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं," हे तिने आधी सांगितलं, मग पट्टीवरचं नाव वाचलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिने पट्टी पर्समध्ये टाकली आणि घरी फोन करून सांगितलं, "मी आल्यावर पाजते."