आवाज ठेवायची जागा

डेस्कटॉप जोडायचा म्हटलं की सगळे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलतात. मला मात्र कॉम्प्युटर हवा होता तो हार्ड डिस्कसाठी. फोनमधली जागा भरली होती आणि त्यात आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. किन्हीराजात आमच्या घरी दळण कधीचं गिरणीवर जातं. ओव्या तेवढ्या आजीच्या तोंडी राहिल्यात.

विंडोजसाठी छोटी एसएसडी घेतली आणि साठवणीसाठी दोन टीबीची हार्ड डिस्क. तेवढ्याच पैशांत हार्ड डिस्कमध्ये जास्त मावतं.

बसवणं अवघड नाही. आधी प्लग काढायचा. साडेतीन इंची डिस्क कॅबिनेटच्या कप्प्यात सरकवायची आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू लावायचे. सैल राहिली तर थरथरते. मग दोन केबल: बारीक साटा केबल मदरबोर्डला, रुंद केबल पॉवर सप्लायला. दोन्हींच्या तोंडाला एल आकाराची खाच असते, त्यामुळे उलटी बसत नाही. जोर लावायची गरज नसते.

आजी बाजूला बसून बघत होती.

"याच्यात माहा आवाज रायते का?"

"राहतो ना, आजी."

"अन् लाईन गेल्यावर?"

आमच्याकडे हा प्रश्न आधी येतो. डिस्कमधली चकती मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. माणसाचा केस त्याहून हजारो पट जाड. लाईन गेली की फिरत्या चकतीच्या उरलेल्या वेगातूनच थोडी वीज तयार होते आणि तेवढ्यात हेड सुरक्षित जागी जाऊन थांबतं. चुंबकाने लिहिलेलं तसंच राहतं. जे त्या क्षणी लिहिलं जात होतं ते मात्र जाऊ शकतं, म्हणून यूपीएस लागतो.

आजीला एवढंच सांगितलं, "राहतो."

सुरू केल्यावर नवी डिस्क दिसतच नाही, तेव्हा घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडून ती इनिशिअलाइज करायची, जीपीटी निवडायचं आणि फॉरमॅट करायचं. दोन टीबीची १.८१ टीबीच दिसली तरी फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

पण डिस्क कधीतरी बंद पडतेच. रॅम गेली तर दुसरी मिळते, डिस्कही मिळते. आतला आवाज मिळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज 'पारी'च्या वेबसाइटवर ऐकता येतात. कुणीतरी त्या कॅसेटवरून पुढे आणल्या, म्हणून. साठवण म्हणजे एकदा ठेवून मोकळं होणं नव्हे, पुन्हा पुन्हा उतरवून घेणं.

म्हणून दुसरी प्रत एक्स्टर्नल डिस्कवर केली. ती पुण्याला ताईकडे राहील. एकाच घरातल्या दोन प्रती एकाच पावसात भिजतात.

कॉपी झाल्यावर फाइल उघडून ऐकायलाच हवी. मी एकेक लावत गेलो. आजी डोळे मिटून ऐकत होती. शेवटची संपल्यावर म्हणाली, "बाबू, भावाची एक रायली. ते घे."

मी फोन काढला.