पिठाचा कोंबडा आणि नातवाचा गेम



सुट्टीत शहाडला आलेला नातू म्हणाला, "आजी, वाढदिवसाला 'राजी' घेऊन दे ना." पुण्यात तयार झालेला, २०२० सालचा गेम. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला बहीण शोधत जाते. ऐकून बरं वाटलं. पण वाटेत त्रिशूळ, धनुष्य, मारामारी!

"खोटंच तर आहे गं!" मला यशोधर राजा आठवला. त्यानं पिठाचाच कोंबडा बळी दिला, तरी मारण्याच्या भावामुळे किती भव भोगले! दुसरं मन म्हणे, भावाला सोडवणं ही विरोधी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही. मी अडकले.

मग त्यानंच २०१५ चा 'अंडरटेल' दाखवला. त्यात शत्रूला मारता येतं, आणि एकालाही न मारता शेवटपर्यंत जाताही येतं.

मी बीकॉम, त्यामुळे हिशेब आधी. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. घेतला.

खेळात एक बेडूक आडवा आला. नातवानं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम गप्प राहिले. भाव त्याचा, निवडही त्याचीच.

त्यानं बेडकाला सोडलं.