मजुरी आणि कोटेशन

खेड्यातल्या गरीब मुलांसाठी काहीतरी करायचं म्हटलं की आपल्या आयटीतल्या मंडळींना पहिल्यांदा कॉम्प्युटर आठवतो. जुने पीसी गोळा करायचे, शनिवारी बस करून शाळेत नेऊन द्यायचे, भिंती रंगवायच्या, ग्रुप फोटो काढायचा आणि येताना ढाब्यावर जेवायचं. वाईट काहीच नाही त्यात. पण त्या शाळेतून दहावी नापास होऊन बाहेर पडलेल्या पोराचं पुढे काय होतं, हा प्रश्न काही बसमध्ये निघत नाही. आज त्याच पोराबद्दल लिहायचंय, आणि पाबळबद्दल.

पाबळ म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं गाव. मस्तानीची समाधी आहे तेच. भाग कायमचा दुष्काळी. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ १९८३ मध्ये इथे येऊन राहिले. इलिनॉय विद्यापीठाची फूड टेक्नॉलॉजीतली पीएचडी, नंतर हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात मोठं पद. असा माणूस निवृत्तीनंतर मुंबईतच स्वस्थ बसला असता तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी पाबळच्या माळावर 'विज्ञान आश्रम' सुरू केला. २००३ मध्ये ते गेले, आश्रम चालू आहे.

तिथे शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे, ग्रामीण तंत्रज्ञानाचा डिप्लोमा. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) मान्यता आहे. विभाग चार. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम. ऊर्जा विभागात वायरिंग, सोलर, बायोगॅस. शेती विभागात नर्सरी, पोल्ट्री, शेळ्या. आणि गृह-आरोग्य विभागात खाद्यपदार्थ तयार करण्यापासून रक्तातलं हिमोग्लोबिन तपासण्यापर्यंत सगळं. एकच मुलगा चारही विभागांतून जातो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा सगळा खिचडी प्रकार वाटला. आपल्याकडे स्पेशलायझेशनला पैसे मिळतात ना! पण खेड्याचा हिशोब वेगळा असतो. हजार उंबऱ्यांच्या गावात वर्षाला किती ग्रिलं लागणार? नुसत्या वेल्डिंगवर पोट भरत नाही, म्हणून नुसता वेल्डर शेवटी चाकणला किंवा रांजणगावला कंत्राटावर जातो. ज्याला ग्रिलही जमतं, मोटरही दुरुस्त करता येते आणि पन्नास कोंबड्याही सांभाळता येतात, त्याला गावातच बाराही महिने काहीतरी काम असतं. म्हणजे खिचडी मुद्दाम केलेली आहे.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट या चारही विभागांच्या मधली आहे. तिचं नाव कॉस्टिंग. मुलं जे बनवतात ते शक्यतो खरंच कोणालातरी हवं असलेलं काम असतं, आणि त्याचा खर्च त्यांना काढावा लागतो.

समजा, खिडकीसाठी गोल सळईची जाळी करायची आहे. लोखंड मिळतं किलोवर आणि खिडकी मोजतात फुटात. मग वजन कसं काढायचं? फॅब्रिकेशनवाल्यांचा एक जुना फॉर्म्युला आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. उत्तर येतं ते एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिमीची सळई असेल तर १४४ भागिले १६२, म्हणजे साधारण ८९० ग्रॅम. हा १६२ कुठून आला म्हणून मी कागद-पेन घेऊन बसलो. एक घनमीटर पोलादाचं वजन साधारण ७८५० किलो, त्यात वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा पाय भागिले चार, आणि मिलिमीटरचे मीटर केले की बरोबर १६२ उरतात. म्हणजे घनता, वर्तुळाचं क्षेत्रफळ, एककांचं रूपांतर.. नववी-दहावीची तीन प्रकरणं एका खिडकीत!

पुढे त्यात कापताना वाया जाणारे तुकडे धरायचे, वेल्डिंग रॉड, वीज, रंग, स्वतःच्या तासांची मजुरी आणि वर नफ्याचे टक्के. वहीतलं शेकडेवारीचं उदाहरण चुकलं तर एक मार्क जातो. इथे चुकलं तर खिशातून पैसे जातात. मग शेकडेवारी बरोबर समजते.

हे किती गरजेचं आहे त्याचे आकडे बघा. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांमधल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना साधं गणित घातलं होतं, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायचं. निम्म्याहून कमी, ४३ टक्के मुलांना ते आलं. व्यवसाय शिक्षण घेणारी मुलं होती जेमतेम ५.६ टक्के. आणि यातली ८७ टक्के मुलं शाळा-कॉलेजात नाव असलेली! म्हणजे दाखल्यावर शिक्षण आहे, पण हिशोबाला कुठेच नाही.

आता हिशोब येण्याचा आणि गरिबीचा संबंध काय? माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे. मजूर आणि कारागीर यांच्यातला फरक हाताच्या कौशल्याचा कमी आणि दर कोण सांगतो याचा जास्त असतो. मजुराला दर मुकादम सांगतो. "चारशे देईन, येतो का?" विषय संपला. ज्याला कामाचं माप घेऊन, माल काढून, कागदावर आकडा लिहून देता येतो, तो कोटेशन देतो. समोरचा घासाघीस करेल, पण घासाघीस करायलाही आधी याचा आकडा लागतो. आपण अप्रेझलच्या वेळी एवढ्या डिग्र्या जवळ असूनही आकडा सांगताना चाचरतो. मग आयुष्यभर 'नापास' ऐकलेल्या पोराला आपल्या कामाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगता येणं म्हणजे काय असेल?

हे सगळं लंचला सांगत होतो तेव्हा एक मित्र तडकला. म्हणाला, "म्हणजे गरिबाच्या पोराने वेल्डिंगच करायचं आणि आपल्या पोरांनी इंजिनिअरिंग? हे तर पूर्वीपासून चालू आहे. त्याला संस्था कशाला हवी?"

प्रश्न खोटा नाही. ज्या समाजात कोणी कोणतं काम करायचं ते जन्मावर ठरत होतं, तिथे हाताच्या कामाचं कौतुक जरा जपूनच करावं. पण कलबागांचा कार्यक्रम नापास मुलांपुरता नव्हताच. त्यांनी हेच चार विभाग साध्या शाळांमध्ये, आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलांसाठी, आठवड्यातून एक दिवस असे नेले. हुशार-ढ असा भेद नाही, सगळ्यांनीच हातात पाना धरायचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलंय. दहा दिवस फार थोडे आहेत, पण दिशा तीच. आणि गंमत म्हणजे आपण शहरात रोबोटिक्सच्या क्लासला हजारोंनी फी भरतो ते हेच असतं! पाबळला तर एमआयटीच्या मदतीने २००२ मध्येच फॅब लॅब आली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक.

तरी मित्राचा मुद्दा पूर्ण सुटत नाही, हेही खरं. कोटेशन देता आलं तरी वेल्डिंग मशीनला भांडवल लागतं. बँक तारण मागते. मुलीला मोटर दुरुस्ती येत असली तरी लग्नानंतर तिला दुकान टाकू देणारं सासर हवं. एका वर्षाचा कोर्स हे सगळं सोडवू शकत नाही.

पण एक तुकडा आपल्या हातात आहे. अशा मुलांना भांडवलाइतकीच गरज असते ती पहिल्या चार-पाच ऑर्डर्सची. गावाकडच्या घराची ग्रिलं, आईबाबांच्या गच्चीवरचं सोलर, शेतावरची शेड, ही कामं आपण कोणालातरी देतोच. ती गावातल्या अशा एखाद्या पोराला द्यावीत, त्याच्याकडून लेखी कोटेशन मागावं आणि आकडा रास्त असेल तर पाचशे रुपयांसाठी ताणू नये. जुना पीसी काय, नंतरही नेऊन देता येईल.