गाडीचा एक्सल आणि रोटाव्हेटरचा क्रॉस

आज धानाचं नाही, गाडीचं लिहितो.

रोवणीच्या दिवसांत आपल्या भागातल्या लहान गाड्या जे सोसतात, ते शहरातल्या गाडीच्या वाट्याला क्वचित येतं. पांदणीतलं चिखलपाणी, डिक्कीत युरियाच्या थैल्या, मागच्या सीटवर रोवणीच्या बाया. हंगाम सरला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. गाडी पिकअपला थरथरते, नाहीतर वळवताना कट-कट वाजते.

आमची गाडी सेकंड हँड आहे. यंदा रोवणी आटोपल्यावर मोहाडीहून वरठीमार्गे भंडाऱ्याला जाताना चाळीसच्या पुढे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सीटसकट हलायची. पाय उचलला की शांत. घरी लेक बाळंतपणाला आलेली, नववा महिना. रात्री-बेरात्री निघायचं तर हीच गाडी. त्यामुळं "दिवाळीपर्यंत चालू द्या" हा सल्ला माझ्या कामाचा नव्हता. बाकी सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणे बॅलन्सिंग करा, दुसरा म्हणे इंजिनाचं माउंटिंग बसलं असेल. तिसरा म्हणाला, "भाऊ, कायले डोकं लावता? दोन्ही एक्सल नवे टाका अन् मोकळे व्हा."

पैसे खर्च करण्याआधी थरथर ओळखायला शिकावं, असं माझं मत आहे. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल तर हादरा वेगाबरोबर येतो. तुम्ही रेस द्या की पाय उचला, त्या वेगाला तो राहतोच. बेअरिंग गेलं तर घूं-घूं असा सलग आवाज येतो. रेस दिली की थरथर आणि पाय उचलला की बंद, असं असेल तर पहिला संशय गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटवर. वळवताना कट-कट असेल तर चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटवर. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण कापून हळू गोल फिरवा, काच खाली ठेवा. उजवीकडे फिरवताना वाजला तर बहुतेक वेळा डावा जॉइंट असतो, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. माउंटिंगवाल्याचंही अगदीच खोटं नव्हतं. माउंटिंग बसलं की इंजिन कलतं, आतला जॉइंट वाकड्या कोनात फिरतो आणि तशीच थरथर येते. ते आधी पाहून घेतलं, आमचं ठीक निघालं.

आता हा जॉइंट असतो काय? आपल्याला तो रोटाव्हेटरवरून चटकन समजतो. पीटीओ शाफ्टला दोन क्रॉस असतात. क्रॉसचा स्वभाव असा की तो वाकला की एकसारखा फिरत नाही. 540 फेऱ्यांनी फिरणारा शाफ्ट एका क्रॉसमध्ये 30 अंश वाकला, तर पुढचा भाग प्रत्येक फेरीत दोनदा 624 च्या वेगानं पळतो आणि दोनदा 468 वर रेंगाळतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असला आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत असले, की तो ही चूक पुसून टाकतो. धुऱ्याजवळ रोटाव्हेटर उचलला की दोन कोन सारखे राहत नाहीत, म्हणून खडखडाट होतो. उचलताना पीटीओ बंद करा असं सांगतात त्यामागं हेही एक कारण आहे. शाफ्ट खोलून परत जोडताना योकांची रेष चुकली तर नवा क्रॉससुद्धा लवकर जातो. हे ट्रॅक्टरवाल्यांनी लक्षात ठेवावं.

गाडीचं पुढचं चाक वळायलाही हवं आणि ओढायलाही हवं. तिथं एकटा क्रॉस लावला तर प्रत्येक वळणावर हिसके बसतील. त्यावर 1920 च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड रझेपा या अभियंत्यानं सहा गोळ्यांचा जॉइंट काढला. गोळ्या खाचांतून सरकतात आणि वाकलेल्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, म्हणून वेग दोन्हीकडे सारखा. आपल्याकडे 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या गावोगाव पोचल्या. त्याआधीच्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या.

फरक एकच, पण मोठा आहे. पीटीओच्या क्रॉसला निप्पल असतो, आपण ग्रीसगन लावतो. गाडीच्या जॉइंटला निप्पल नाही. आत भरलेलं ग्रीस तेवढंच आणि ते धरून ठेवतो एक रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस उडून जातं आणि त्या जागी बांधीतला गाळ आत जातो. लोखंड लोखंडाला खाऊ लागतं. तणस, काडी एक्सलला गुंडाळली जाते, तीही बुटाला घासते. म्हणून पांदणीतून आल्यावर खाली वाकून ती काढून टाकत जा.

आमच्या उजव्या बाजूचा आतला बूट फाटलेला होता. गिअरबॉक्सवर काळ्या ग्रीसचे फराटे उडालेले. डाव्या बुटाला फक्त भेगा होत्या, आवाज नव्हता. मिस्त्रीला म्हटलं, डावीकडे फक्त बूट आणि ग्रीस, उजवीकडे आतला जॉइंट बदला. उजवीकडे नुसता बूट बदलून उपयोग नव्हता. झिजलेलं लोखंड नव्या ग्रीसनं भरून येत नाही. डावीकडे अख्खा एक्सल टाकणं म्हणजे काही शे रुपयांच्या कामाला काही हजार मोजणं. स्वस्तातला नवा एक्सल लावण्यापेक्षा गाडीबरोबर आलेला, न वाजणारा जॉइंट मला जास्त भरवशाचा वाटतो.

काम होताना उभं राहून बघा. ग्रीस किटबरोबर येतं तेच आणि तेवढंच भरायचं, डब्यातलं साधं चेसिस ग्रीस नको. जुनं ग्रीस रेतीसकट पूर्ण धुऊन निघालं पाहिजे. एक्सल बाहेर काढला की गिअर ऑइल गळतं, ते परत लेव्हलला भरून घ्या आणि ऑइल सील तपासा. मधला मोठा नट नवा, टॉर्क पान्यानंच कसायचा. तो ढिला असताना गाडीचा भार चाकावर टेकवला तर बेअरिंग खराब होतं. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणालाही खाली जाऊ देऊ नका.

कट-कट ऐकत महिनोन् महिने गाडी हाकणारे आहेत. गाडी चालते हे खरंच. पण जॉइंट सुटला की एका बाजूची ओढ जाते आणि डिफरन्शियल सगळा जोर त्याच मोकळ्या बाजूला सोडतं. गाडी जागची हलत नाही. उतारावर गिअरमध्ये टाकून ठेवली तरी अशी गाडी थांबत नाही. हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा.

आमची थरथर गेली. जुना जॉइंट रॉकेलनं धुऊन ओट्यावर ठेवलाय. कोणाला बघायचा असेल तर या. रोलर जिथं फिरतो तिथं बोट फिरवलं की खड्डा लागतो.