प्लास्टरचा रंग

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशाला 'दक्षिण काशी' म्हणतात. केदारेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की याच गावच्या पांढरीत १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे चार कालखंड मातीच्या थरांतून वाचले. अशा उत्खननात भांडे सहसा अखंड मिळत नाही. खापरे जुळवावी लागतात. जिथे खापर नाही, तिथे प्लास्टर भरावे लागते. चांगला जुळारी त्या प्लास्टरचा रंग किंचित वेगळा ठेवतो. मूळचे किती आणि आपले किती, हे पाहणाऱ्याला कळावे, एवढाच त्याचा हेतू.

माझी आई या गावची. गेली काही वर्षे तिची स्मृती ओसरत चालली आहे. मेंदूविषयी मी जे वाचू लागलो, ते त्यामुळेच.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हेन्री मार्क्रम यांनी २००५ साली आयबीएमच्या महासंगणकाच्या साहाय्याने 'ब्लू ब्रेन' प्रकल्प आरंभिला. २०१५ साली त्यातून उंदराच्या मेंदूच्या बाह्यपटलातील एका कणाचे संगणकीय प्रारूप सिद्ध झाले. हा कण एक घन मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. पण त्यात सुमारे ३१,००० चेतापेशी आणि त्यांची सुमारे ३ कोटी ७० लाख संधिस्थाने होती. शोधनिबंधावर ८२ जणांची नावे आहेत. मात्र यांतल्या फार थोड्या जोडण्या प्रत्यक्ष मोजलेल्या होत्या. उरलेल्या, त्या मोजमापांतून काढलेल्या नियमांनी भरल्या. वाचताना मला प्रकाशाची खापरे आठवली.

इथे आक्षेप घेण्यासारखे काही नाही. गळालेली अक्षरे कंसात भरणारा संहितेचा संपादक याहून वेगळे काय करतो? वाद उद्भवतो तो कंस पुसला गेला, की. २००९ साली आयबीएममधील धर्मेंद्र मोधा (हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,४७,४५६ प्रोसेसरांच्या महासंगणकावर मांजराच्या बाह्यपटलाएवढ्या संख्येच्या पेशी चालवून दाखविल्या. त्यावर मार्क्रम यांनी जाहीर टीका केली, की या पेशी म्हणजे नुसते बिंदू आहेत. याला मांजराचा मेंदू म्हणता येणार नाही. पण मानवी मेंदूचे प्रारूप दहा वर्षांत शक्य आहे, असे त्याच वर्षी मार्क्रम स्वतः सांगत होते. २०१३ साली युरोपीय संघाच्या मदतीने 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट' सुरू झाला. पुढच्याच वर्षी शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून त्याच्या दिशेविषयी आणि कारभाराविषयी नापसंती व्यक्त केली. २०२३ साली तो संपला, तेव्हा मेंदूचे नकाशे आणि संशोधकांना वापरता येईल अशी सामायिक साधने मागे राहिली. संपूर्ण मानवी मेंदूचे प्रारूप नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी यांची प्रयोगशाळा चेतापेशींच्या संधिस्थानांचीच प्रारूपे करते. संपूर्ण मेंदूच्या घोषणेपेक्षा मला हा आवाका अधिक प्रामाणिक वाटतो.

हे सारे मी तटस्थपणे लिहू शकलो असतो. पण आम्ही भावंडांनी घरी तेच केले. आईच्या आठवणीतील रिकाम्या जागा आम्ही मिळून भरत राहिलो. एकाला मेळा आठवे, दुसऱ्याला पुराचे पाणी. जुळत नसे तिथे अंदाज. सिंहस्थाच्या वर्षी ती आजोबांच्या खांद्यावर बसून संगमावर गेली होती, असे मी तिला अनेकदा सांगितले. ती हसून म्हणे, "तू म्हनस तं तसंच व्हई." पुढे ती स्वतःच ते सांगू लागली, खांद्यावरून दिसलेल्या पाण्यासकट. मला समाधान वाटले. मग एके रात्री लक्षात आले, की खांद्यावर बसून गेलो होतो तो मी, माझ्या वडिलांच्या.

भांडे अखंड दिसत होते, कारण प्लास्टर मी खापराच्याच रंगाचे भरले होते.

आता एक वही केली आहे. ती आपणहून जे बोलते ते शाईने लिहितो, आम्ही जे जोडतो ते पेन्सिलीने. शाईची पाने थोडी आहेत. परवा एकच ओळ मिळाली, गोमाईच्या वाळूविषयी, तीही अर्धी. पुढची जागा मोकळी सोडली आहे.