दोरीवाचून पाळणा

पाळणा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लाकूड येण्याआधी दोरी येते. पाळणा माजघरातील कडीला टांगलेला असो, शिसवी चौकटीवर झुलणारा असो, की शेताच्या बांधावर जुन्या लुगड्याची बांधलेली झोळी असो. त्याच्या दोरीचे दुसरे टोक कुणाच्या तरी हाती असते. आजी तांदूळ निवडता निवडता पायाच्या अंगठ्याने ती ओढते, थोरली बहीण पाढे म्हणत ओढते. मूल पाळण्यात असले तरी एकटे नसते. खरी राखण त्या दोरीची. म्हणूनच की काय, पाळण्याच्या दोन गजांमधले अंतर फुटपट्टीने मोजणारा सुतार माझ्या पाहण्यात नाही.

माझी लेक अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे असते. तिच्या बाळंतपणासाठी मी इंदूरहून गेले, तेव्हा दोरी नसलेला पाळणा प्रथम नीट न्याहाळला. तिकडे त्याला क्रिब म्हणतात. चहूबाजूंनी उभ्या गजांचे कठडे असलेली ती एक लहानशी खाट. ती झुलत नाही, हलत नाही. मुलाला तीत निजवायचे, दिवा मालवायचा आणि दार ओढून घ्यायचे. घरातल्या इतर कोणत्याही वस्तूशी मूल खेळत असताना मोठ्या माणसाची नजर त्याच्यावर असेल, असे आपण धरून चालतो. क्रिब मात्र मुलाला एकटे ठेवण्यासाठीच घडविलेली असते. हे एकदा ध्यानी आले म्हणजे त्या देशाने क्रिब तयार करणाऱ्यांवर आणि परदेशातून आणणाऱ्यांवर घातलेली बंधने जाचक वाटेनाशी होतात. जिथे दोरीवर हात नाही, तिथे कुणाचा तरी हात हवाच.

शेजारी बडोद्याकडच्या एक वयस्क बाई राहत. त्यांच्या तळघरात त्यांच्या नातवंडांची क्रिब झाकून ठेवलेली होती. तिघे नातू तीत वाढलेले, सगळे धडधाकट. ती आम्ही न्यावी, असे त्यांनी मोठ्या मायेने सुचविले. ज्या पाळण्यात मुले सुखरूप वाढली तो शुभ, तो मागून आणावा, ही रीत त्यांच्याकडे तशीच आपल्याकडेही. परंतु जावयांनी खाटेच्या पाटीवरची तारीख पाहिली : २००६. तिचा एक कठडा खाली सरकणारा होता. त्यांनी हात जोडले आणि नम्रपणे नकार दिला. बेनचा चेहरा उतरला. ‘‘माझ्या घरची वस्तू नको?’’ एवढेच त्या हिंदीत म्हणाल्या. दोन दिवस कुंपणापाशी बोलणे झाले नाही.

तो सरकता कठडा खरे पाहता आईच्या सोयीसाठी होता. ठेंगण्या बाईला वाकून मूल उचलणे जड जाते; कठडा खाली केला की काम हलके होते. पण सरकणाऱ्या बाजूला खाचा आल्या, खटके आले, आणि पुष्कळदा ते प्लॅस्टिकचे. ते झिजतात, एखादा तुटतो, कधी जोडणीच उलटी होते. कठडा एका टोकाला निसटला की त्याच्या आणि गादीच्या मध्ये फट पडते, तीत मूल घसरते आणि अडकते. २००० सालापासूनच्या दहा वर्षांत अशा सरकत्या कठड्यांमुळे निदान ३२ मुले गुदमरून वा गळा आवळून दगावल्याची नोंद तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने केली आहे. २००७ पासून एक कोटी दहा लाखांहून अधिक क्रिब बाजारातून व घराघरांतून परत बोलवाव्या लागल्या. अखेर डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने नवे नियम एकमताने संमत केले. २८ जून २०११ पासून जुन्या धर्तीची क्रिब बनविणे, आयात करणे आणि विकणे बंद झाले; पाळणाघरे आणि हॉटेले यांना २८ डिसेंबर २०१२ पर्यंत मुदत मिळाली. दुकानदारांच्या गोदामांत पडून असलेला माल एका दिवसात विक्रीबाह्य झाला. लहान दुकानदारांना हे फार लागले असेल. तरीही तारीख पुढे ढकलून तोच माल एखाद्या घरात जाऊ देणे कोणत्या न्यायात बसले असते, हे मला सांगता यायचे नाही.

नियम तसे जुनेही आहेत. १९७३ साली आयोगाने पहिले नियम केले, त्यांत दोन गजांमधील अंतर सुमारे सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे असे ठरले. हा आकडा हवेतून आलेला नाही. अंतर मोठे असेल तर निजलेल्या मुलाचे पाय, मग कंबर गजांतून बाहेर सरकते. डोके मात्र मोठे, ते आत राहते. पुढे कोपऱ्याच्या खांबांचा विचार झाला. खांबाचे टोक कठड्याच्या वर दीड मिलिमीटरहून अधिक येऊ नये. कारण उभ्या राहू लागलेल्या मुलाच्या अंगरख्याचा गळा त्या टोकात अडकतो. (छत्री लावण्याच्या उंच खांबांची गोष्ट वेगळी.) दात येऊ लागले की मूल कठडा चावते, म्हणून रंगातील शिशावर मर्यादा, २००९ पासून ती दशलक्ष भागांत ९० भाग इतकी खाली आणली आहे. ही कलमे वाचताना माझा हात थबकत असे. प्रत्येक आकड्यामागे कुठेतरी एक पहाट आहे, आणि दार उघडणारी एक आई आहे.

२०११ च्या नियमांनी आणखी एक शहाणपणा केला. क्रिब नवी असताना मजबूत असतेच. ती वापरून खिळखिळी झाल्यावर कशी राहते, हे पाहणे महत्त्वाचे. म्हणून तिला पुनःपुन्हा हलवतात, गादीखालच्या आधारावर वजन आदळतात, गजांवर जोर लावतात. आणि काही चाचण्यांच्या दरम्यान सैल झालेले स्क्रू पुन्हा आवळण्याची मुभा नाही. घरात तरी कोण रोज पाना घेऊन बसते? ही परीक्षा कारखानदाराने स्वतः घेऊन चालत नाही. आयोगाने मान्य केलेल्या तिऱ्हाईत प्रयोगशाळेतच ती व्हावी लागते. त्या आधारे प्रमाणपत्र द्यायचे ते देशी मालाचे निर्मात्याने, आणि परदेशी मालाचे आयातदाराने. दूर देशीच्या कारखान्यात काय घडले ते मला ठाऊक नाही, असे म्हणून आयातदाराला हात झटकता येत नाहीत.

आमच्या घरी आलेल्या नव्या क्रिबसोबत टपालखर्च आधीच भरलेले एक कार्ड होते. नाव-पत्ता लिहून ते निर्मात्याकडे धाडायचे. मालात दोष आढळल्यास त्याने घरी कळवायचे. जाहिरातीसाठी तो पत्ता वापरायचा नाही. या कार्डामागे शिकागोचा डॅनी कीसर आहे. दीड वर्षाचाही न झालेला हा मुलगा १९९८ मध्ये सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी घडीच्या क्रिबमध्ये दगावला. ती जातच पाच वर्षांपूर्वी, १९९३ मध्ये, परत बोलावली गेली होती. वार्ता त्या घरापर्यंत पोचलीच नव्हती. त्याच्या आईवडिलांनी चळवळ उभारली, आणि २००८ च्या कायद्यातील हा भाग त्या बाळाच्या नावाने ओळखला जातो.

हे सारे मी बेनना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आमचे नशीब चांगले होते.’’ अशी क्रिब कुणाला देऊही नये, मोडूनच टाकावी, असा आयोगाचा सल्ला आहे. त्यांच्या यजमानांनी तिचे भाग सुटे केले; गज एका आठवड्यात आणि चौकट पुढल्या आठवड्यात कचऱ्याच्या गाडीला दिली, कुणी उचलून पुन्हा जोडू नये म्हणून.

आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. खुळखुळा पारखला जातो. तसा तो ज्या खाटेत वाजतो तिच्याकडेही आपण पाहावे. शहरांतून आता झुलते पाळणे मागे पडून गजांच्या खाटा घरोघरी येत आहेत, आणि मूल वेगळ्या खोलीत निजू लागले आहे.

बाराव्या दिवशी नातीचे बारसे झाले. टांगायला कडी नव्हती, तेव्हा क्रिबलाच पाळणा मानले. ओक ट्री रस्त्यावरच्या दुकानातून मोगऱ्याचे हार आणले, ते बेननी गजांना गुंडाळले. मी इंदूरहून शिवून नेलेली गोधडी आत अंथरली. कठड्यावरून आणि खाटेखालून मुलीला या हातातून त्या हातात दिले, कानात नाव सांगितले, पाळणे म्हटले. पाहुणे गेल्यावर लेकीने हार उतरविले, उशी काढली, गोधडी घडी करून माझ्या हाती दिली. गजांना आतून बांधायच्या गुबगुबीत गाद्यांवर तर तिथे २०२२ पासून कायद्यानेच बंदी आहे. गादीवर ताणून बसविलेली चादर तेवढी राहिली. तिने मुलीला उताणे निजवले, एकेक कठडा हाताने हलवून पाहिला आणि दिवा मालवला.