तेरा पेढ्यांचा प्रवास

गोड खाण्याची आवड हा गुण की दोष, याविषयी आमच्या घरी एकमत नाही. वडील तिला दोष समजतात, आई वयाचा परिणाम म्हणते, आणि मी स्वतः त्या वादात न पडता फडताळातील डब्याकडे लक्ष ठेवून असतो. परगावी गेल्यावर कोणी किल्ला पाहतो, कोणी देऊळ पाहतो. मी आधी मिठाईचे दुकान पाहतो. या आवडीने गेल्या मे महिन्यात मजला कोठे नेऊन उभे केले, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

माझी आजी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन ती सांगलीस गेली त्यास पन्नासांहून अधिक वर्षे लोटली. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्यास असतो आणि आजी काकांकडे सांगलीस. तिच्या माहेरी आता कोणी उरलेले नाही. घरही विकले गेले. गुडघ्यांच्या दुखण्याने तिचा प्रवास बंद झाला आहे आणि मधुमेहाने गोडही बंद झाले आहे. मी सुट्टीत येणार असे कळताच तिने फोनवर एवढेच सांगितले, "येताना कंदी पेढे आण. खायला नकोत रे मला, नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवीन."

सातारकरांस पेढ्यांविषयी सांगणे म्हणजे अजिंक्यताऱ्यावरून शहर दाखविण्यासारखे आहे, पण हा अंक परगावीही जातो म्हणून थोडे लिहितो. मोती चौकापासून राजवाड्यापर्यंत चालत गेले, तर भाजलेल्या खव्याचा वास किती वेळा आडवा येतो हे मोजून पाहावे. मोदी, लाटकर ही नावे तर येथे घरच्या माणसांसारखी घेतली जातात. एक लिटर म्हशीचे दूध आटविले तर पाव किलोच्या आतच खवा पदरी पडतो. अन्यत्र त्यात साखर मिसळून लगेच पेढे वळतात. येथे तो खवा पुन्हा मंद आचेवर भाजतात. त्यात राहिलेला पाण्याचा अंश जातो, तूप सुटू लागते, रंग पिवळसर तांबूस होतो, आणि मग बेताची साखर व वेलदोडा. म्हणूनच हा पेढा फार गोड लागत नाही व पुष्कळ दिवस टिकतो. 'कंदी' हा शब्द इंग्रजी 'कॅन्डी'वरून आला असे येथे पुष्कळजण सांगतात. ते खरे असो वा नसो, खुद्द 'कॅन्डी' शब्दाचे मूळ अरबी 'कंद' आणि त्याचे मूळ आपल्या संस्कृत 'खंड' शब्दात आहे; तेव्हा शब्द फिरून घरीच आला म्हणावयाचे!

वडिलांनी पाव किलो पेढे घेऊन दिले. डब्यात तेरा बसले. चुलतभावासाठी मी माझ्या पैशांतून एक मोठे चॉकलेट घेतले आणि ते खिशात ठेवून गाडीत बसलो.

साताऱ्याहून सांगली लोहमार्गाने सुमारे सव्वाशे किलोमीटर. कोरेगाव येईपर्यंत चॉकलेटाची दशा झाली. चॉकलेटातील कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांवर वितळते, म्हणजे मनुष्याच्या खिशाची ऊबही त्यास पुरते. मे महिन्यातील डब्याची गोष्ट तर बोलावयासच नको. कागद उलगडून पाहतो तो आत तपकिरी चिखल. तो बोटाने चाटून संपविला. (चुलतभावाने हे वाचल्यास त्याने क्षमा करावी.) मग मनात आले की पेढ्यांचीही अशीच गत झाली नसेल ना? पाहणे माझे कर्तव्यच होते. पेढे जसेच्या तसे होते. खात्री करण्यासाठी एक खाल्ला.

रहिमतपूरला दुसरा. मसूरला तिसरा व चौथा, कारण तेथे गाडी फार वेळ थांबली. कऱ्हाडला शेजारच्या गृहस्थांनी आपली भाकरी पुढे केली, तेव्हा त्यांस एक देणे भाग पडले आणि एकट्यास खाववेना म्हणून मीही घेतला. ताकारी, किर्लोस्करवाडी ही स्टेशने आली नि गेली. प्रत्येक वेळी मी डबा पिशवीत घालून पिशवी फळीवर ठेवीत असे, आणि प्रत्येक वेळी उठून खाली काढीत असे. भिलवडी आली. येथेच १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला, हे मला ठाऊक होते. अशा गावावरून कोरड्या तोंडाने जाणे बरे दिसले नसते. माधवनगरच्या सुमारास डबा हातास हलका लागला. उघडून पाहिले. दोन उरले होते.

ते दोन पेढे पाहताना पोटात जो गोळा आला तो अकरा पेढ्यांचा नव्हता. तेरांतले तेरा ज्याच्या त्याच्या घरी पोचणार, असे धरून कोणीतरी तिकडे वाट पाहत होते.

काकांच्या घरी पोचल्यावर "पेढे सामानात तळाशी आहेत, उद्या काढतो" असे सांगून मी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाऊच्या पैशांची शंभराची नोट व तो डबा पिशवीत घेऊन गणपती पेठेकडे निघालो. एरवी ही पेठ पाहणे म्हणजे मजला पर्वणी. सांगली ही साखरेपेक्षा गुळाची व हळदीची नगरी. गाड्यांवर चढणाऱ्या गुळाच्या ढेपा, त्यांवर घोंघावणाऱ्या माश्या, नाकात शिरणारी हळद, आणि मध्येच एखाद्या दुकानातून येणारा लसणीच्या भडंगाचा खमंग वास. पुढे बेदाण्यांच्या राशी लागल्या, हिरवट व पिवळ्या. तासगावकडील द्राक्षे वाळवून हे बेदाणे होतात. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानदाराने मूठभर हातावर ठेवले. माझ्यासारख्याने ते न खाता पुढे जावे, यावरून माझी त्या दिवसाची मनःस्थिती वाचकांनी ओळखावी. खाल्ले, पण नंतर.

पहिल्या मिठाईच्या दुकानात पेढे होते ते पांढरेफेक, वर केशराची काडी. दुसऱ्यात होते धारवाडी : काळपट तपकिरी, पिठीसाखरेत घोळलेले. उत्तम चीज, पण आंधळ्यासही ते कंदी म्हणून खपले नसते. तिसऱ्या दुकानात बासुंदी आणि कवठाची बर्फी होती, नरसोबाच्या वाडीहून आलेली. बासुंदी हे बिचारे घरकोंबडे पक्वान्न. कृष्णाकाठी जन्मते आणि तेथेच दुसऱ्या दिवशी नासते. तिला माहेरहून सासरी धाडता येत नाही. सोनपापडीची खोकी सर्व दुकानांत होती; त्यांविषयी न लिहिलेलेच बरे.

चौथे दुकान लहान, एका बोळात. तेथील पेढ्यांचा रंग मात्र जुळत होता. मी अकरा मागितले आणि "सुटे द्या, डबा नको" म्हणालो. दुकानदार वृद्ध होते. त्यांची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या साताऱ्याच्या डब्याकडे गेली, मग माझ्याकडे. "आमचा खवा सकाळी येतो नि दुपारपर्यंत पेढा होऊन विकला जातो," ते कागद बांधीत म्हणाले. "इतका वेळ भाजत बसायला आम्हाला फुरसत नाही. दिसायला सारखा आहे हो." यापलीकडे ते काही बोलले नाहीत. मी नोट पुढे केली तेव्हा त्यांनी दोन पेढे कमी केले, कारण पैसे पुरत नव्हते.

घरी येऊन नऊ पेढे तळाशी लावले व साताऱ्याचे दोन वर ठेवले. ही युक्ती सुचल्याचा त्या वेळी मजला अभिमान वाटला, हे लिहिताना लाज वाटते.

आजीने वरचा एक उचलला, नखाने टवका काढला, डोळे मिटले. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. नंतर विहीर, आळी, गणपतीतल्या आरास, असे काहीबाही सांगत राहिली. माझे प्राण भांड्यात पडले. पण पुढे जे झाले त्याचा मी विचार केला नव्हता. तिने काकूकडून ताटली मागविली, साताऱ्याचे पेढे स्वतःसाठी झाकून ठेवले, खालचे सहा ताटलीत मांडले आणि मजला घेऊन शेजारच्या तीन घरी गेली. गुडघे धरीत, एकेका पायरीवर थांबत. प्रत्येक दारी म्हणाली, "माझ्या माहेरचा पेढा आहे." आणि मी मागे ताटली धरून उभा.

रात्री तिने उरलेल्या तिहींतल्या एकाचा टवका काढला. मग डबा माझ्यापुढे सरकवला.

"वरचे दोन कोठले, आणि खालचे कोठले?"

मी सर्व सांगितले. ती रागावली नाही. कोणत्या स्टेशनावर किती खाल्ले ते मात्र एकेक विचारून घेतले. मसूरचे दोन ऐकून म्हणाली, "मसूरला माझेही दोन जात. सासूबाईंना डबा देताना वरून कागद दाबून बसवायची." आणि खुदकन हसली. मला वाटले, सुटलो. तोच तिचा आवाज बदलला. "पण मी सांगलीचा पेढा साताऱ्याचा म्हणून कोणाला दिला नाही कधी. आज तू माझ्या तोंडून तीन घरी खोटे बोलवलेस. उद्या सकाळी जाऊन सांगून ये."

सकाळी गेलो. पहिल्या घरी सर्वजण मोठ्याने हसले आणि आतल्या मुलांनाही बोलावून हकीकत पुन्हा सांगावयास लावली. दुसऱ्या घरच्या आजींनी ऐकून घेतले व काही न बोलता दार लोटले. ते दार मजला अजून आठवते. तिसऱ्या घरचे आजोबा म्हणाले, "आम्हाला गोड लागला बाबा. खरा केव्हा आणतोस ते सांग."

दिवाळीत नेला. वडिलांनी डबा सुतळीने बांधून गाठीवर गाठ मारली होती. आजीने त्या गाठी कात्री न लावता एकेक सोडविल्या, पेढे परातीत ओतले आणि माझ्यासमोर मोठ्याने मोजले.